पारामारिबोत शिरताना : एका लाकडी राजधानीच्या अभ्यासाची प्रस्तावना

5 जून 1873 रोजी 'लाला रुख' हे जहाज कोलकात्याहून अटलांटिक ओलांडून सुरीनाम नदीच्या मुखाशी पोहोचले. त्यावर सुमारे चारशे करारबद्ध मजूर होते. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले. त्याच वर्षी 1 जुलैला सुरीनाम या डच वसाहतीतल्या माजी गुलामांची सक्तीची मजुरी संपली. कायद्याने ते 1863 सालीच मुक्त झाले होते. पण मळ्यांवर माणसे कमी पडू नयेत म्हणून डच सरकारने त्यांच्यावर आणखी दहा वर्षांची देखरेख लादली आणि करार करून मळ्यांवरच राबायला लावले. ती दहा वर्षे सरत आली तेव्हा त्यांची जागा घेणारी माणसे जहाजातून उतरत होती. दोन्ही घटनांमध्ये महिन्याचेही अंतर नाही.

पारामारिबो ही सुरीनामची राजधानी. आज तिथे 5 जून आणि 1 जुलै हे दोन्ही दिवस साजरे होतात. पहिला हिंदुस्तानी लोकांचा, दुसरा क्रिओल म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. दोन्ही दिवशी माणसे नटतात, गातात, पूर्वजांची नावे घेतात. या शहराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या वाचकाने या दोन तारखा एकमेकींपासून सुटू देऊ नयेत, एवढीच विनंती मी या प्रस्तावनेत करणार आहे. बाकीचे सारे तिच्याच आधाराने येईल.

ही विनंती मराठी वाचकाला विशेष करून करावीशी वाटते, त्याला कारण आहे. सुरीनामची बातमी आपल्याकडे येते ती ठरावीक निमित्ताने. 2003 साली सातवे विश्व हिंदी संमेलन पारामारिबोत भरले, तेव्हा आली. 2020 मध्ये चंद्रिकाप्रसाद संतोखी यांनी संस्कृत मंत्र म्हणून राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा आली. 2023 मध्ये हिंदुस्तानी आगमनाच्या दीडशेव्या वर्षी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या, तेव्हाही आली. त्यामुळे आपला प्रवासी तिथे पोहोचतो तो 'आपली माणसे' शोधत. ती त्याला भेटतातही, मनापासून आदरातिथ्य करतात, आणि तो त्या आनंदात परत फिरतो. आनंद खराच आहे. पण त्याने पाहिलेली वस्ती मुळात कुणाच्या उठलेल्या बिऱ्हाडावर वसली, हा प्रश्न त्याला पडलेला नसतो.

शहराची मांडणी सोपी आहे. सुरीनाम नदीच्या डाव्या काठावर, समुद्रापासून काही मैल आत, सपाट आणि दलदलीच्या जमिनीवर ते वसले. जुने रस्ते सरळ दिसतात त्यामागे डच शिस्त आहे, पण तेवढेच कारण नाही. या किनाऱ्यावर शिंपल्यांचे जुने, किंचित उंच पट्टे आहेत. त्यांवरून पाणी आपोआप निचरते. पहिले रस्ते या पट्ट्यांवरून काढले आणि शहर त्यांच्यामागून गेले. पाऊस पडून गेल्यावर जुन्या वस्तीत हिंडले की कोणता रस्ता लवकर कोरडा होतो ते पाहावे. नकाशा मग डोळ्यांनी वाचता येतो. पाऊस इथे वर्षातून दोनदा येतो. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा, डिसेंबर-जानेवारीत छोटा. पायी फिरायचे असेल तर ऑगस्टनंतरचे कोरडे महिने किंवा फेब्रुवारी-मार्च बरे. वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपल्या माणसाचा गोंधळ होत नाही. विमानतळ शहराच्या दक्षिणेला सुमारे 45 किलोमीटरवर आहे.

वसाहतीची सुरुवात सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी केली. 1667 च्या आरंभी आब्राहाम क्रिन्सेन या डच सेनानीने नदीकाठचा किल्ला जिंकला आणि त्याच वर्षीच्या ब्रेडाच्या तहाने सुरीनाम डचांकडे राहिले. हडसन नदीच्या मुखावरचे न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यू यॉर्क, इंग्रजांकडे. आपल्या ओळखीच्या इतिहासात हा काळ ठेवून पाहायचा तर शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच्या पुढचे हे वर्ष, आणि दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले त्याच्या आधीचे. वेंगुर्ल्याला त्या सुमारास डचांची वखार होती. मात्र वेंगुर्ल्याचे डच व्यापारी पूर्वेकडच्या कंपनीचे होते. सुरीनाममध्ये जे घडले ते त्यांच्या वखारीच्या हिशेबाहून निराळे होते. तिथल्या डचांना माल विकत घ्यायचा नव्हता, पिकवायचा होता. साखर, पुढे कॉफी, कापूस, कोको. आणि तो पिकवायला आफ्रिकेतून माणसे विकत आणली गेली.

हे शहर लाकडाचे आहे. 2002 साली युनेस्कोने जुन्या पारामारिबोला जागतिक वारसा म्हटले ते या लाकडासाठी. विटांचे जोते, त्यावर लाकडी भिंती, उभ्या उताराचे छप्पर, पांढरा रंग, हिरवी दारे-झडपा आणि समोर लाल विटांचा जिना. घाट युरोपचा, पण सुतार इथले. ही घरे बांधणारे कारागीर बहुतांशी गुलाम होते. जुन्या रस्त्यावर चालताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मोठ्या घराच्या दर्शनी दाराच्या बाजूला बऱ्याचदा एक अरुंद, साधे फाटक असते. ते घरात जात नाही, मागच्या आवारात जाते. त्या आवारात गुलामांच्या खोल्या असत. मालकाने समोरच्या जिन्याने चढायचे, गुलामाने या फाटकातून. प्रवासी छायाचित्र काढतो ते जिन्याचे. अभ्यासकाने ते फाटक पाहावे, आणि जमले तर त्यातून आत डोकावावे.

लाकूड जळते, हेही शहराच्या इतिहासात वारंवार आले आहे. 1821 च्या आगीत चारशेहून अधिक इमारती गेल्या. 1832 च्या आगीने नदीकाठची वॉटरकांट ही श्रीमंत वस्ती पुन्हा खाल्ली. ती आग लावल्याच्या आरोपावरून कोजो, मेंटर आणि प्रेझेंट या तीन गुलामांना 1833 च्या जानेवारीत जिवंत जाळण्यात आले. आज त्यांच्या नावाचा चौक शहरात आहे. वॉटरकांटची आजची सुंदर रांग ही त्या आगीनंतरची उभारणी आहे, हे कळले की तिथली संध्याकाळची गर्दी, खाण्याच्या टपऱ्या, नदीवरचा वारा यांत आणखी एक थर दिसू लागतो.

वॉटरकांटच्या टोकाला झीलांडिया किल्ला आहे. छोटासा, विटांचा, आवारात मोठी झाडे. आत संग्रहालय आहे आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे. पण याच किल्ल्यात 8 डिसेंबर 1982 रोजी लष्करी राजवटीच्या 15 विरोधकांना ठार मारण्यात आले: वकील, पत्रकार, प्राध्यापक, कामगार पुढारी. राजवटीचा प्रमुख देसी बाउटर्स पुढे निवडणुकीच्या मार्गाने राष्ट्राध्यक्ष झाला. 2019 मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, 2023 च्या अखेरीस ती कायम झाली, आणि 2024 च्या डिसेंबरात फरारी अवस्थेतच तो वारला. किल्ल्याच्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर स्थानिक माणूस या विषयावर बोलेल किंवा बोलणार नाही. न बोलणाऱ्याला छेडू नये. शहर लहान आहे. मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे नातेवाईक एकाच बाजारात भाजी घेतात.

प्रवासी पुस्तिकांत हमखास येणारे एक ठिकाण म्हणजे कैझरस्त्रात या रस्त्यावर शेजारी-शेजारी असलेली मशीद आणि ज्यूंचे सिनेगॉग. त्यावर सलोख्याचे लेख पुष्कळ आहेत आणि सलोखा आहेही. मला मात्र त्या दोन इमारती शेजारी कशा आल्या हे अधिक महत्त्वाचे वाटते. नेवे शालोम सिनेगॉगच्या जागेवर अठराव्या शतकापासून प्रार्थनास्थळ आहे. आजची पांढरी लाकडी वास्तू एकोणिसाव्या शतकातली. आत जमिनीवर वाळू पसरलेली आहे. पाऊल टाकले की आवाज येत नाही, आणि बाहेरच्या रस्त्याची वर्दळ एकदम लांब गेल्यासारखी वाटते. वाळूची दोन कारणे सांगतात: एक, पूर्वजांच्या वाळवंटातल्या भटकंतीची आठवण, दुसरे, स्पेन-पोर्तुगालात धर्मन्यायालयाच्या भीतीने चोरून प्रार्थना करताना पावले वाजू नयेत म्हणून केलेली सोय. छळातून पळून आलेले हे लोक इथे नदीच्या वरच्या अंगाला योडेनसाव्हाने या वस्तीत मळेवाले झाले आणि गुलामांचे मालकही झाले. छळ सोसलेल्या माणसाने दुसऱ्याचा छळ केला की त्याच्याविषयी काय म्हणावे, याचे सोपे उत्तर मला सापडलेले नाही. मशीद शेजारी आली ती विसाव्या शतकात, हिंदुस्तानी मुसलमानांनी बांधलेली. आजची भव्य इमारत 1984 ची. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे सतराव्या शतकातले युरोपी स्थलांतर आहे आणि पलीकडे एकोणिसाव्या शतकातली मजूर-वाहतूक.

पीटर आणि पॉल यांच्या नावाचे कॅथेड्रल मात्र कोणत्याही प्रश्नाविना, केवळ पाहण्यासाठी पाहावे. बाहेरून ते पिवळ्या आणि राखाडी रंगाचे आहे. आत रंगच नाही. खांब, कमानी, छत, सज्जे सगळे सीडरच्या उघड्या लाकडाचे, आणि त्या लाकडाचा मंद वास दुपारच्या उकाड्यात भरून राहिलेला. 1883 मध्ये काम सुरू झाले आणि 1885 मध्ये ते प्रार्थनेसाठी उघडले. पश्चिम गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या लाकडी वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

आता पुन्हा 1873 कडे. 1916 पर्यंत एकूण 64 जहाजफेऱ्यांतून 34 हजारांवर माणसे हिंदुस्थानातून सुरीनामला आली. करार पाच वर्षांचा. मुदत संपल्यावर परतीचा प्रवास फुकट होता आणि साधारण एक तृतीयांश लोक परतलेही. 1895 पासून सरकारने राहणाऱ्याला जमिनीचा तुकडा आणि परतीचा हक्क सोडल्याबद्दल शंभर गिल्डर देऊ केले. पारामारिबोभोवतीची भातशेती आणि भाजीपाल्याचे मळे यातून उभे राहिले. 1890 पासून जावा बेटावरूनही मजूर येऊ लागले. 1939 पर्यंत सुमारे 33 हजार. म्हणून शहरात एका कोपऱ्यावर रोटी मिळते, लांब चवळीच्या शेंगा, बटाटा आणि मसाल्याच्या कोंबडीसह. आणि ब्लाउग्रोंड भागात जावानी खानावळींत साओतो हे कोंबडीचे सूप. आर्य देवाकर हे आर्यसमाजाचे मोठे मंदिर 2001 मध्ये उघडले. 'बाबा आणि माई' हा पहिल्या जोडप्याचा पुतळा जिथे उभा आहे, तिथे जहाजातून उतरलेल्या मजुरांना ठेवण्याचे आवार होते.

या विषयात खोल जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाला मी दोन नोंदवह्यांकडे नेईन. दोन्ही आज संगणकावर पाहता येतात. एक हिंदुस्तानी मजुरांची. तिच्यात प्रत्येक माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, ठाणे, जिल्हा, जहाज, मळा आणि कराराचा क्रमांक आहे. दुसरी 1830 ते 1863 या काळातली गुलामांची नोंदवही. शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून तिची हस्तलिखित पाने उतरवून काढली. तिच्यात एकच नाव आहे, आडनाव नाही, कारण गुलामाला आडनाव धारण करण्याची मुभा नव्हती. बापाचा रकाना नाही. आईचे नाव आहे, कारण आई ज्याची त्याचे मूल, आणि मालकाचे नाव आहे. आडनावे दिली गेली ती मुक्तीच्या वेळी, 1863 मध्ये. त्याच वेळी सरकारने भरपाई दिली ती मालकांना, माणशी 300 गिल्डर. गुलामाला काही नाही. या दोन वह्या शेजारी उघडून, एकाच मळ्याचे नाव दोन्हीत शोधावे. ते सापडते. तेच मळे, कित्येकदा त्याच चाळी. आधी दुसऱ्या वहीतली माणसे राहिली, मग पहिलीतली. हिंदुस्तानी मजूर गुलाम नव्हता. त्याचा करार संपत होता, त्याला गाव होते आणि गावाचे नाव लिहिलेले होते. पण कामावर न आल्यास त्याला तुरुंग होता, आणि 1902 मध्ये मारियनबर्गच्या साखर कारखान्यावर मजुरीसाठी उठलेल्या हिंदुस्तानींवर गोळ्या चालल्या, तेव्हा वीसहून अधिक माणसे मेली. फरक आणि सातत्य दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवता येणे, हे या अभ्यासातले मुख्य कसब आहे.

ते कसब साधलेला एक माणूस याच शहरात जन्मला. आंतोन द कोम हा गुलामीत जन्मलेल्या बापाचा मुलगा. 1933 च्या जानेवारीत तो नेदरलँड्सहून परतला आणि आईवडिलांच्या घरी एक मेज मांडून लोकांच्या तक्रारी लिहून घेऊ लागला. क्रिओल आलेच, पण हिंदुस्तानी आणि जावानी मजूरही रांगा लावून आले. जावानी लोकांना तर हा आपल्याला परत जावाला नेईल अशी आशा वाटू लागली. सरकारने त्याला अटक केली. 7 फेब्रुवारीला त्याच्या सुटकेसाठी चौकात जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला. दोघे मेले, कित्येक जखमी झाले. त्याला नेदरलँड्सला पाठवून देण्यात आले. 1934 मध्ये त्याचे 'आम्ही सुरीनामचे गुलाम' या अर्थाच्या शीर्षकाचे डच पुस्तक आले. नाझींविरुद्धच्या चळवळीत तो पकडला गेला आणि 1945 मध्ये जर्मन छावणीत मेला. देशाच्या विद्यापीठाला आज त्याचे नाव आहे. या पुस्तकापासून अभ्यासाला सुरुवात करावी, असे मी प्रत्येक नव्या वाचकाला सांगतो.

ज्या चौकात त्या गोळ्या चालल्या, तो आज स्वातंत्र्य चौक. मागे राष्ट्राध्यक्षांचा पांढरा प्रासाद, त्यामागे उंच ताडांची बाग. 25 नोव्हेंबर 1975 रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे एक तृतीयांशाहून अधिक लोक नेदरलँड्सला निघून गेले. रविवारी सकाळी मात्र इथे वेगळेच दृश्य असते. पुरुष हातात छोटे पिंजरे घेऊन येतात. पिंजऱ्यात ट्वाट्वा नावाचा, गाण्यासाठी वाढवलेला चिमुकला पक्षी. दोन पिंजरे खांबांवर समोरासमोर टांगतात, पंच जवळ उभा राहतो आणि ठरलेल्या वेळात कोणता पक्षी किती वेळा साद देतो ते मोजतो. हिंदुस्तानी, क्रिओल, जावानी, मारोन सगळे मिळून इतके चिडीचूप उभे असतात की चौकाच्या पलीकडून जाणाऱ्या मोटारीचा आवाजही मोठा वाटतो. शहरातले वंश एकत्र येतात ते कुठे, यावर मोठाले सिद्धांत मांडलेले आहेत. मी नव्या अभ्यासकाला आधी या चौकात पाठवीन.

मारोन हा शब्द वर आला. मळ्यांवरून पळून, जंगलात नद्यांच्या काठी स्वतःची गावे वसवणाऱ्या गुलामांचे हे वंशज. एन्जुका लोकांनी 1760 मध्ये आणि सरामाका लोकांनी 1762 मध्ये डच सरकारला तह करायला भाग पाडले, म्हणजे गुलामी संपण्याच्या शंभर वर्षे आधी. 1960 च्या दशकात ॲल्युमिनियम उद्योगाच्या विजेसाठी अफोबाका धरण झाले तेव्हा त्यांची गावे पाण्याखाली गेली. कोयनाकाठच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. 2007 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने सरामाकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला; अंमलबजावणीचे भांडण अजून मिटलेले नाही. प्रवासी कंपन्या त्यांच्याकडे 'जंगलसफर' म्हणून नेतात. त्याआधी नदीकाठच्या मध्यवर्ती बाजारालगत मारोन बायका झाडपाला, मुळ्या, साली विकायला बसतात तिथे जावे. कोणते पान कशासाठी, हे विचारले तर त्या सांगतात, आणि सगळे सांगत नाहीत.

या अभ्यासाला घाई करावी असे एक कारणही आहे. किनाऱ्याबाहेर समुद्रात तेल सापडले आहे. 2024 मध्ये मोठ्या प्रकल्पावर शिक्कामोर्तब झाले आणि 2028 मध्ये उत्पादन सुरू व्हायचे आहे. पैसा येईल, आणि त्याचबरोबर जुन्या शहरातल्या जमिनीचे भाव वाढतील. कित्येक लाकडी घरे आज कुजत उभी आहेत, कारण ती सामाईक मालकीची आहेत; वारसांपैकी काही इथे, काही नेदरलँड्समध्ये, आणि वाटणी कधी झालेलीच नाही. त्या घरांपैकी किती उरतील हे तेलाच्या पहिल्या दहा वर्षांत ठरेल. मोजमाप, छायाचित्रे, राहणाऱ्यांच्या आठवणी, हे काम आजच व्हायला हवे.

मराठी विद्यार्थ्याला या कामात जागा आहे का? आहे, आणि चांगली आहे. डच शिकावी लागेल. पण हातात देवनागरी असल्याचा लाभ मोठा आहे. मुंशी रहमान खान हे 1898 साली करारावर सुरीनामला आले आणि तिथेच राहिले. मुसलमान असून ते हिंदू शेजाऱ्यांना रामचरितमानस समजावत, आणि 'जीवन प्रकाश' हे आपले आत्मचरित्र त्यांनी देवनागरीत लिहून ठेवले. करारबद्ध मजुराने स्वतः लिहिलेले इतके सविस्तर आत्मवृत्त क्वचितच सापडते. त्याचे डच आणि इंग्रजी अनुवाद आहेत. मुळाशी ताडून वाचणारे अजून थोडे आहेत. सरनामी ही तिथल्या हिंदुस्तानी लोकांची भाषा भोजपुरी-अवधीतून घडली. ढोलक, हार्मोनियम आणि लोखंडी धनतालावर चालणारे त्यांचे बैठक गाणे ध्वनिमुद्रित आहे, पण त्याच्या चालींचा आपल्याकडच्या लोकसंगीताच्या जाणकारांनी कान देऊन अभ्यास केलेला नाही. नेदरलँड्सने जपून ठेवलेली वसाहतकाळातली कागदपत्रे टप्प्याटप्प्याने पारामारिबोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात परत आली आहेत. पुढच्या प्रकरणांत या सगळ्याची वाट दाखवली आहे: पहिली तीन शहराच्या रस्त्यांची, मग मळ्यांची, आणि शेवटची दप्तरखान्यातल्या कामाची. ज्याला फक्त आठवडाभर हिंडायचे आहे त्याने पहिली तीन वाचून निघावे, आणि मळ्यांची प्रकरणे वाटेत, मेयरझॉर्गकडे जाणाऱ्या होडीत वाचावीत. पलीकडच्या काठावर ते मळे आहेत.